लगवरचा चरा आणि सराफ बाजारातला बफ

विचारणारे यावल तालुक्यातले, नोकरीला पुण्यात. दोन वर्षं पैसे साठवून त्यांनी ओमेगाचं सीमास्टर डायव्हर घेतलं, निळी डायल, स्टीलची चेन. तीन आठवड्यांनी गावी शेतात भरीत पार्टी झाली आणि विहिरीवर हात धुताना मनगट लोखंडी पायपाला घासलं. लगवर, म्हणजे चेन जिथे घड्याळाला अडकते त्या शिंगावर, एक चरा, क्लास्पवर, म्हणजे चेन बंद करायच्या पट्टीवर, बारीक रेघा आणि काचेवर एक करडी रेघ. मामा म्हणतात, जळगावच्या सराफ बाजारात पाच मिनिटांत बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं कापडी चाक, मारून नव्यासारखं करून देतील. आजी म्हणतात, बरं झालं, तीट लागली. विचारणाऱ्यांना झोप लागत नाही. आता काय करू, असा प्रश्न आहे.

मामांचं ऐकू नका. आजींचं निम्मं ऐका.

मी जळगावात 31 वर्षं घड्याळं दुरुस्त करतो. दुकानात येणारा माणूस अहिराणीत बोलो की पुण्याच्या मराठीत, नव्या घड्याळावरचा पहिला चरा दाखवताना त्याचा चेहरा सारखाच असतो. "मनी घडीले चरा पडना, आते काय करू?" एवढं बोलून तो घड्याळ असं पुढे करतो की जणू पोराला ताप आलाय. त्यामुळे तुमची झोप उडाली याचं मला नवल नाही. पण तुम्ही एका दमात तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

सगळ्यात आधी घड्याळ धुवा. चावी आत दाबून पूर्ण आवळलेली आहे ना ते बघा. 10 च्या बाजूला जी दुसरी चावी दिसते तो हेलियम व्हॉल्व्ह, खोल समुद्रात काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठीचा. तोही बंदच असू द्या. आपल्याकडे त्याचा उपयोग शून्य. मग कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश. हे घड्याळ 300 मीटरचं आहे, वाटीभर पाण्याला घाबरायचं कारण नाही. धुतल्यावर सुती फडक्याने टिपून घ्या. घासू नका. कोरड्या शर्टाच्या टोकाने घड्याळ पुसायची आपल्या सगळ्यांना सवय असते, आणि क्लास्पवरच्या निम्म्या रेघा त्याच सवयीने पडतात.

कारण असं. 1812 मध्ये फ्रेडरिक मोस नावाच्या खनिजतज्ज्ञाने कठीणपणाची एक उतरंड लावली, 1 पासून 10 पर्यंत. वरचा खालच्यावर चरा पाडतो, खालचा वरच्यावर पाडू शकत नाही. हिरा 10 वर. तुमच्या घड्याळाची काच कृत्रिम नीलम म्हणजे सफायरची, ती 9 वर. वाळूतलं क्वार्ट्झ 7 वर. घड्याळाचं स्टील साडेपाचच्या आसपास. म्हणजे गिरणा नदीच्या वाळूचा एक कण तुमच्या स्टीलवर चरा पाडू शकतो, काचेवर नाही. मे महिन्यात आपल्याकडे जी धूळ उडते तिच्यातही असले कण असतातच. ते शर्टावर बसलेले, आणि आपण त्याच शर्टाने घड्याळ चमकवतो!

पायपाचं लोखंड तुमच्या स्टीलपेक्षा फार कठीण नसतं. चरा पाडला असेल तो पायपावर चिकटलेल्या वाळूने. आणि भरितासाठी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्यावर हात राखेने घासून धुतले असतील, तर क्लास्पवरच्या रेघांचा बराचसा हिशेब तिथेच लागतो. भांडी घासायला राख का वापरायचे ते आठवा.

आता काचेवरची करडी रेघ. लोखंडी पाइप सफायरवर चरा पाडू शकत नाही हे वर आलंच. मग ती रेघ कसली? बहुतेक वेळा ते काचेला लागलेलं लोखंड असतं. पाटीवर पेन्सिल ओढली की पेन्सिल झिजते, पाटी नाही, तसंच. शाळेतला साधा पांढरा खोडरबर घ्या आणि रेघेवर मिनिटभर चोळा. माझ्याकडे 'काच गेली' म्हणून आलेली कित्येक घड्याळं खोडरबरावर परत गेली आहेत, आणि त्याचे पैसे मी आजवर कोणाकडून घेतलेले नाहीत. बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याच्या, काळ्या-निळ्या सिरॅमिक रिंगवर अशी रूपेरी रेघ दिसली तरी हाच उपाय.

रबराने गेली नाही, नखाला काहीच लागत नाही आणि घड्याळ तिरपं धरल्यावरच दिसते, तर वरचा थर खरवडला गेलाय असं समजा. तुमच्या मॉडेलच्या काचेला चमक कमी करणारा थर आतूनही असतो आणि बाहेरूनही. काच 9 वर असली तरी तो थर तेवढा कणखर नसतो. त्याला घरी इलाज नाही. हिऱ्याची पेस्ट आणून घासायला बसाल तर एका रेघेच्या जागी रुपयाएवढा ढगाळ डाग होईल. राहू द्या. पुढे कधी काच बदलायची वेळ आली तर आपोआप जाईल.

तुमच्या वडिलांच्या वेळच्या एचएमटीच्या काचेचं गणित याच्या अगदी उलटं होतं. ती अ‍ॅक्रिलिकची, सहज ओरखडे पडायचे, पण टूथपेस्ट लावून पाच मिनिटं चोळली की आरसा. मी धंदा शिकलो तो त्या काचांवर. म्हणून जुन्या माणसांच्या डोक्यात 'पेस्ट लावली की जातं' हे पक्कं बसलंय. ते अ‍ॅक्रिलिकपुरतं खरं आहे, सफायरला लागू नाही.

क्लास्पच्या रेघा विसरा. मनापासून सांगतो. क्लास्प म्हणजे घड्याळाचे चपलेचे तळवे. टेबल, लॅपटॉपची कड, गाडीची टाकी, सगळ्यांना पहिला तोच टेकतो. आज काढल्या तर महिन्याभरात नव्या. तरी डोळ्यांना खुपतच असतील तर हा एकच भाग असा आहे की जिथे घरी हात घातलेला मला चालतो, कारण क्लास्पचा वरचा भाग ब्रश केलेला असतो. म्हणजे त्यावर कारखान्यातच एका दिशेच्या असंख्य बारीक रेघा मारलेल्या असतात. बाजूच्या चकचकीत कडांना आणि कंपनीच्या चिन्हाला चिकटपट्टी लावून झाका. भांड्यांची हिरवी घासणी घ्या, नवीन, कोरडी. कारखान्याच्या रेघा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने, एकाच बाजूला, हलक्या हाताने पाच-सहा वेळा ओढा. पुढे-मागे नाही आणि गोल तर मुळीच नाही. रेघा रेघांत मिसळून जातात. ओढताना हात तिरका गेला तर आधीपेक्षा वाईट दिसेल, म्हणून आधी स्टीलच्या एखाद्या जुन्या डब्याच्या झाकणावर हात बसवून घ्या.

हे वाचून हुरूप आला आणि तीच घासणी लगवर नेली तर मात्र तुम्ही आणि तुमचं नशीब.

खरा प्रश्न लगचाच आहे. लग म्हणजे चेन जिथे अडकते ती केसची, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाची, चार शिंगं. सीमास्टरची शिंगं सरळ नसतात, खाली जाताना पिळ घेतल्यासारखी वळतात आणि आरशासारखी चकचकीत असतात. वरचा भाग जिथे बाजूच्या भागाला मिळतो तिथे एक स्वच्छ धार दिसते. घड्याळ उन्हात फिरवलं की प्रकाश त्या धारेवर येऊन तुटतो. तुम्ही लाखांत पैसे मोजले त्यातला बराच भाग मशीनचा, पण डोळ्यांना जे आवडलं ते हेच. आणि सराफ बाजारातला बफ सगळ्यात आधी खातो ती हीच धार.

सोनारांबद्दल माझी काही तक्रार नाही, माझे दोन मित्र तिथेच बसतात. पण बफ काय करतो ते त्यांच्याच गल्लीत बघून घ्या. सकाळी दुकानं उघडायच्या आधी तिथली माती, गटारातला गाळ गोळा करून धुणारे झारेकरी असतात. त्या धुळीतून ते सोनं काढतात, त्यावर घरं चालतात. ते सोनं आलं कुठून? कानशीतून आणि पॉलिशमधून. दागिना चकाकला तेव्हा त्याच्या अंगावरून जे गेलं ते ह्यांना मिळालं. पॉलिश म्हणजे चरा भरणं नाही. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा धातू खरवडून काढणं म्हणजे पॉलिश. स्टीलची धूळ कोणी धुवायला येत नाही, एवढाच फरक. तुमच्या घड्याळातून गेलेला धातू परत येणार नाही.

बफच्या मोटरीचं चाक मिनिटाला 2,800 च्या आसपास फिरतं. कापडाचं चाक मऊ असतं, म्हणून ते सपाट जागेवर सारखं आणि धारेवर जास्त दाबतं. बांगडीला ते शोभतं, कारण बांगडी गोलच असते. घड्याळाची शिंगं मात्र साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होतात. पाच मिनिटांत करून देणारा माणूस घड्याळ उघडत नाही, चालू घड्याळच चाकावर धरतो. केस तापते. लाल-हिरव्या पॉलिशची पावडर चावीच्या फटीत, काचेच्या कडेला, चेनच्या पिनांत जाऊन बसते. पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी गॅस्केटला हे मानवत नाही. मग श्रावणात काचेच्या आत वाफ दिसते आणि लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, कंपनीने फसवलं.

नीट पॉलिश कसं होतं तेही सांगतो, म्हणजे फरक कळेल. चेन काढायची, मशीन बाहेर, डायल-काटे बाजूला, काच आणि बेझल वेगळं. नुसती केस हातात. अल्ट्रासॉनिकमध्ये धुवायची. सपाट भाग सपाट चाकावर टेकवून काढायचे म्हणजे धार शाबूत राहते, चकचकीत भागाला फेल्टचं चाक, ब्रश केलेल्या भागाला वेगळं, आणि प्रत्येक वेळी उरलेला भाग झाकायचा. खोल खड्डा असेल तर काही ठिकाणी लेझरने त्याच स्टीलची भर घालतात आणि मग समतल करतात. शेवटी नवीन गॅस्केट आणि प्रेशर टेस्ट. हे काम माझ्या दुकानात होत नाही. माझ्याकडे बफ आहे, सपाट चाकाचं यंत्र नाही. ज्याच्याकडे नाही त्याने नाही म्हणावं.

हे शहाणपण मला फुकटात आलेलं नाही. दुकान टाकून तीन-चार वर्षं झाली असतील. अमळनेरचे एक निवृत्त शिक्षक घड्याळ घेऊन आले. निवृत्तीला शाळेने दिलेलं एचएमटी, मागच्या झाकणावर हाताने कोरलेलं नाव आणि तारीख. नातवाला द्यायचंय, चांगलं चमकवून दे, म्हणाले. मी तरुण, बफ नवीन घेतलेला, हात शिवशिवत होते. पुढच्या बाजूचं क्रोम उडालं आणि खालचं पितळ पिवळं उघडं पडलं, कारण त्या काळच्या बऱ्याच केसेस पितळेवर क्रोम चढवलेल्या आणि फक्त झाकण स्टीलचं, हे माहीत असूनही भान राहिलं नाही. झाकण मात्र मस्त चमकलं. मास्तरांनी ते उलटं केलं, चष्मा वर घेतला, उजेडात धरलं आणि एवढंच विचारलं, "नाव कुठं गेलं रे?" पुसट झालं होतं, तारीख तर गेलीच होती. मी पैसे घेतले नाहीत, पण त्यांना पैशांचं काही नव्हतंच. त्या दिवसापासून गिऱ्हाईक 'चमकव' म्हणालं की मी आधी घड्याळ उलटं करून बघतो.

तर तुमच्या लगचं काय करायचं? नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर तो केसासारखा बारीक चरा आहे. पॉलिशच्या कापडाने, केप कॉड नावाचं भिजवलेलं सुती कापड मिळतं त्याने, हलक्या हाताने अर्धं-एक मिनिट पुसलं तर जवळजवळ दिसेनासा होईल. शेजारची ब्रश केलेली चेन झाका, नाहीतर तिथे तेलकट चमक येईल. नख अडकत असेल तर कापडाने काही होणार नाही. चऱ्याच्या कडा गोल होतील आणि चरा तिथेच. अशा वेळी काहीच करू नका. माझं मत विचाराल तर नख अडकत नसलं तरी सहा महिने काहीच करू नका. आज एकच चरा आहे म्हणून तो ओरडतोय. आणखी पाच-दहा बारीक पडले की तो कुठला हे तुम्हालाच शोधावं लागेल.

कंपनी पाच ते आठ वर्षांनी पूर्ण सर्व्हिस करायला सांगते. त्या सर्व्हिसमध्ये केस आणि चेन पुन्हा फिनिश करून देतात. म्हणजे आता बफ मारलात तर पाच वर्षांनी तीच केस पुन्हा खरवडली जाणार. एका केसमध्ये अशी किती पॉलिशं निघतात? शिंगांच्या जाडीवर अवलंबून, पण ती मोजकीच. ती नीट मशीनवाल्यासाठी राखून ठेवा. तेव्हाही नको वाटलं तर घड्याळ देताना कागदावर 'पॉलिश करू नये' असं लिहून घ्या, तोंडी सांगून उपयोग नाही. पुढे विकायची वेळ आली तरी मूळ धारा शाबूत असलेली, चरे असलेली केस जाणकार आधी उचलतो. गोल झालेली शिंगं त्याला लांबूनच दिसतात. ओमेगाची वॉरंटी पाच वर्षांची आहे. ओरखडे तीत बसत नाहीत, कोणत्याच कंपनीत बसत नाहीत. पण बाहेरच्या माणसाने केस उघडल्याच्या खुणा दिसल्या तर जे बसतं त्यावरही वाद होतो.

हे सगळं नकोच, चरा न पडणारंच घड्याळ घ्यायचं होतं, असं वाटत असेल तर राडो आठवा. 1962 साली त्यांनी टंगस्टन कार्बाइडचं डायस्टार काढलं ते चरा पडू नये म्हणूनच. आपल्याकडे एकेकाळी लग्नात जावयाला राडो म्हणजे विषय संपला. माझ्याकडे अजून येतात ती घड्याळं, तीस-तीस वर्षांची, केस आरशासारखी. पण कठीण वस्तू वाकत नाही, फुटते. सिरॅमिकच्या केसेस आणि रिंगा मोरीच्या फरशीवर पडून दोन तुकडे झालेल्या मी पाहिल्यात. तुमच्या स्टीलवर त्याच जागी एक खड्डा पडला असता, बस. त्याहून जुनी युक्ती जेजर-लेकुल्टरने 1931 मध्ये केली. भारतात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या काचा फुटायच्या, म्हणून त्यांनी केसच उलटी फिरवून काच आत घेता येईल असं रिव्हर्सो बनवलं. घोड्यावर बसून चेंडू मारायचा आणि मनगटावर घड्याळही हवं! भरीत पार्टीला सीमास्टर घालून जाणारे तुम्ही एकटे नाही.

पुढची काळजी थोडक्यात. ज्या हातात कडं त्या हातात घड्याळ नको. स्वयंपाकघरातला ओटा ग्रॅनाइटचा असेल तर त्यावर मनगट टेकवू नका, ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं. कडप्पा मऊ, त्याने फारसं होत नाही. रात्री काढून ठेवताना मऊ फडक्यावर, क्लास्प आणि मागचं झाकण एकमेकांवर घासणार नाही असं. केळीच्या घडांना हात लावायचा असेल तर घड्याळ घरी. स्टील धुतलं जातं, पण उद्या चामड्याचा पट्टा लावलात आणि चीक लागला तर तो काळा डाग जन्माचा.

आणि एक, क्लास्पवरची प्लास्टिकची फिल्म अजून काढली नसेल तर आज काढा. नव्या सोफ्याचं प्लास्टिक वर्षभर ठेवणारे आपण लोक, घड्याळाचंही ठेवतो. जळगावच्या 44-45 अंशांत तिच्याखाली घाम साचतो, त्यातलं मीठ तिथेच बसून राहतं आणि चांगल्या स्टीलवरही बारीक खड्डे पडतात. चऱ्यापासून वाचवायला लावलेल्या फिल्मखाली खड्डे पडलेली घड्याळं दरवर्षी एक-दोन तरी माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांना तर पुसून जाण्याचीही सोय नसते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी येणार असाल तर जाता-येता दुकानात डोकवा. आयग्लास लावून लगचा चरा किती खोल आहे ते दोन मिनिटांत सांगतो, त्याला पैसे पडत नाहीत. मामांनाही आणा. खोडरबर मात्र घरून आणा, माझा संपत आलाय.